धागा : फायनल इयरची प्रोजेक्टं लोकांसमोर मांडायची तर नेमकं काय काय लागतं?

खानापूर_रोड :

चार यूएसएनची (म्हणजे चार पोरांची) एक बॅच, एक गाईड, शेवटी व्हायवा. परीक्षक दहा-पंधरा मिनिटं प्रश्न विचारतात, रिपोर्टची बांधीव प्रत कपाटात जाते आणि मॉडेल लॅबच्या टेबलाखाली. वर्षभराचं काम बघितलेली माणसं मोजून तीन.

२०१४ साली भारत वॉशिंग्टन कराराचा (इंजिनिअरिंगचं शिक्षण देशादेशांनी एकमेकांचं मान्य करायचा करार) पूर्ण सभासद झाला. तेव्हापासून पदवीधराला काय यायला हवं त्याची यादी प्रत्येक विभागात फ्रेम करून लावलेली असते. त्यात संवाद, गटात काम करणं, प्रकल्पाचा खर्च सांभाळणं हे सगळं आहे. प्रत्यक्षात ते सॉफ्ट स्किलच्या तासाला पीपीटी करून उरकलं जातं.

म्हणून विचार असा आहे : साधारण ३० प्रोजेक्टं, दोन दिवस, बेळगावात पण कॉलेजच्या बाहेर. बघायला शेतकरी, कारखान्यातले सुपरवायझर, शाळेची मुलं, गृहिणी, कुणीही यावं. पोरांनी समजावून सांगावं. ज्यांना यातलं कळतं त्यांनी नेमकं लिहा. 'छान उपक्रम' एवढंच लिहायचं असेल तर नाही लिहिलं तरी चालेल.

व्हायवा_बहाद्दर :

होतं काय ते आधीच सांगतो. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचं पाऊण तास भाषण. मग पाहुणे फोटोग्राफर घेऊन एकेका स्टॉलसमोर दहा सेकंद थांबतात. पोरं ब्लेझर घालून घामेघूम. दुपारी दोन वाजता हॉलमध्ये फक्त पोरं आणि खुर्च्या. यातून कसलं कौशल्य येणार?

उद्यमबाग_३ नंबर :

वरच्यांचं म्हणणं खरं आहे, पण तो दोष समारंभाचा. उद्घाटन ठेवूच नका, किंवा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समारोपाला पाहुणे बोलवा. पहिल्या दिवशी सकाळी दहाला दार उघडायचं, बस्स.

लोकांसमोर मांडण्यानं फरक का पडतो? परीक्षकाला विषय माहीत असतो. पोरगं अर्धवट बोललं तरी उरलेलं तो मनात भरून घेतो, आणि पोराला वाटतं आपण नीट सांगितलं. चिकोडीचा ऊसवाला शेतकरी तसं काही भरून घेत नाही. कळलं नाही की तो मान हलवतो आणि पुढच्या स्टॉलला जातो. आपलं बोलणं कुठं तुटलं हे त्या क्षणी कळतं, आणि पाच मिनिटांनी दुसरा माणूस समोर येतो तेव्हा तेच पुन्हा सुधारून सांगता येतं. दिवसात असे साठ-सत्तर फेरे होतात. तासाला बसून हे होत नाही.

प्रत्येक बॅचनं तीन लांबीचं बोलणं तयार ठेवावं : अर्ध्या मिनिटाचं, दोन मिनिटांचं आणि पाच मिनिटांचं. पाठ करायचं नाही, क्रम ठरवायचा. अर्ध्या मिनिटात फक्त अडचण आणि डोळ्यांना दिसेल अशी एक कृती. दोन मिनिटांत ते कसं चालतं. पाच मिनिटांत खर्च, मर्यादा आणि आधीच्या उपायांपेक्षा वेगळं काय.

उदाहरण घ्या, शेताला आपोआप पाणी देण्याचं प्रोजेक्ट, दरवर्षी चार तरी असतातच. पोरगं सुरुवात करतं : "सर, आमच्या प्रोजेक्टचं टायटल आहे आयओटी बेस्ड स्मार्ट इरिगेशन सिस्टिम यूजिंग…" इथंच ऐकणारा गेला. त्याऐवजी : "काका, ही माती कोरडी आहे, म्हणून मोटर चालू आहे. हा तांब्या घ्या, पाणी ओता, बघा बंद होते का." तांब्या पाहुण्याच्या हातात द्यायचा. हात गुंतला की माणूस थांबतो.

मग खरे प्रश्न येतात. "माझी मोटर पाच एचपीची आहे, तुमच्या या डबीवर चालंल काय?" टेबलावर १२ व्होल्टचा पंप आणि पाच व्होल्टचा रिले (करंटनं चालणारा छोटा स्विच) असतो. पाच एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट, थ्री फेज, साधारण सात-आठ अँपिअर. त्या रिलेनं मोटर थेट चालवायची नाही, स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरची कॉइल चालवायची, आणि एखादा फेज गेला तर मोटर जळू नये म्हणून प्रिव्हेंटर तसाच ठेवायचा. हे उत्तर येत नसेल तर ते प्रोजेक्ट खेळणं आहे, आणि शेतकऱ्याला ते एका मिनिटात कळतं. दुसरा हमखास प्रश्न : "ही पट्टी मातीत किती दिवस टिकणार?" दोन काट्यांच्या स्वस्त सेन्सरमधून सतत डीसी करंट गेला की काटे गंजून खाल्ले जातात, काही आठवड्यांतच आकडे भरकटतात. उपाय दोन. कपॅसिटिव्ह सेन्सर (ज्याचा धातू मातीला उघडा लागत नाही) घ्या, किंवा वाचन घेताना तेवढाच सेकंदभर करंट सोडा.

संवादकौशल्य आणि विषयाचं ज्ञान वेगळं काढता येत नाही ते असं. तोंड अडखळतं तिथं बहुतेक वेळा डोकंच अडखळलेलं असतं.

वायरमन_वडगाव :

बोलण्याचं चाललंय ते चालू दे, मी लाइटीचं सांगतो. निम्मी प्रदर्शनं लाइटीमुळंच झोपतात की ओ.

३० स्टॉल धरा. लॅपटॉप, एसएमपीएस (सप्लायचा डबा), एखादी मोटर, सरासरी १५० वॅट. झाले साडेचार किलोवॅट. एकाच फेजवर टाकलं तर वीस अँपिअर, आणि मंडपवाला एका बोर्डातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा अशी माळ काढतो. पहिल्या बोर्डाची पिन वितळते. तीन फेजवर दहा-दहा स्टॉल वाटा. फेजला दोन सर्किटं, सर्किटला पाच स्टॉल, म्हणजे साडेतीन अँपिअरच्या आत. प्रत्येक सर्किटला सहा अँपिअरची एमसीबी. थ्रीडी प्रिंटर, हीटर, कॉम्प्रेसर असला तर त्याला वेगळी १६ अँपिअरची लाइन, अडीच चौरस एमएम तांब्याची वायर.

आता खरी गोम. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की लाइट तोडणारा खटका) सगळ्या हॉलला एकच लावतात आणि तो कारण नसताना पडत बसतो. लोक म्हणतात, आरसीसीबी खराब आहे, काढून टाका. खराब नसतो ओ. प्रत्येक एसएमपीएस आणि लॅपटॉपचा चार्जर फिल्टरमधून थोडा थोडा करंट अर्थिंगला सोडतो. साठ चार्जर एकत्र आले की ती बेरीज सीमेला टेकते. म्हणून दर सर्किटला वेगळा आरसीसीबी. पडला तर पाच स्टॉल बंद पडतात, हॉल चालू राहतो. आणि काढायचा म्हणजे काढायचाच नाही, लहान पोरं हात घालतात.

वायर चालायच्या वाटेवरून न्यायची नाही. न्यावीच लागली तर लाकडी पट्टीखालून. लिथियमच्या बॅटऱ्या रात्री चार्जिंगला लावून हॉल बंद करायचा नाही. वाळूची बादली आणि सीओटूचं सिलिंडर दोन्ही टोकांना.

खानापूर_रोड :

हे पोरांना करायला लावायचं की बाहेरच्या वायरमनला द्यायचं?

वायरमन_वडगाव :

जोडणी लायसनवाल्यानंच करायची. पण लोडचा तक्ता पोरांनी करावा. कुठल्या स्टॉलला किती वॅट हे तीस बॅचांकडून गोळा करायला लावा दोघांना. कोण वेळेत देत नाही, कोण खोटं सांगतंय, सगळं शिकतील. टीमवर्क टीमवर्क म्हणतात ते हेच.

शहापूर_पेठ :

भाषेचा मुद्दा कुणी काढला नाही, आणि आपल्याकडे तोच सगळ्यात मोठा आहे. बेळगावात दारातून आत येणारा माणूस मराठी बोलेल, कन्नड बोलेल, उर्दू-हिंदी बोलेल. प्रोजेक्ट मात्र इंग्रजीत लिहिलेलं. निपाणी-खानापूरकडून मराठी माध्यमातून आलेली पोरं इंग्रजीत गप्प बसतात आणि मराठीत भराभर बोलतात, बैलहोंगल-सौंदत्तीकडची पोरं कन्नडमध्ये तशीच. त्यामुळं बॅचमध्ये कमीत कमी दोन भाषा उभ्या राहतील अशी पाळी लावा. ज्याला कन्नड येत नाही त्यानं निदान "बर्री, नोड्री" (या, बघा) म्हणून बोलवावं आणि पुढचं बोलणं सोबत्याकडे सोपवावं. सोपवताना मात्र पाहुण्याचा प्रश्न स्वतः सांगायचा : "यांना विचारायचंय की करंट गेला तर काय." पाहुण्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं की तो वैतागतो.

प्रत्येक बॅचनं आपल्या विषयातले पंधरा-वीस शब्द तिन्ही भाषांत लिहून टेबलाच्या आतल्या बाजूला चिकटवावेत. सेन्सर, मोटर, बॅटरी जसेच्या तसे चालतात. अडतात ते ओल, दाब, वेग, झीज, अचूकता असले शब्द. 'अचूकता ९२ टक्के' असं सांगण्यापेक्षा 'शंभर पानं दाखवली तर आठ चुकतात' हे कुठल्याही भाषेत कळतं. आणि मग पुढचा प्रश्न येतो, "कुठली आठ?" त्याची तयारी हवी.

पोस्टरचं. ए-वन पुरे, ५९४ बाय ८४१ मिलिमीटर. शीर्षक तीन मीटरवरून वाचता यायला हवं, म्हणजे अक्षराची उंची २५ मिलिमीटरच्या आसपास, साधारण १०० पॉइंट. मजकूर २८ पॉइंटच्या खाली नको, शब्द अडीचशेच्या वर नकोत. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग ओळीखाली लटकतो आणि मराठीत वर मात्रा-वेलांट्या, त्यामुळं ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर दोन ओळी एकमेकींत घुसतात. छापखान्यात हमखास घोटाळा होतो तो फॉण्टचा. तुम्ही युनिकोडमध्ये पाठवता, तिकडं श्रीलिपी नाहीतर नुडी, म्हणजे मराठी-कन्नडचे वेगळेच फॉण्ट. फाइल उघडली की जोडाक्षरं फुटलेली. अक्षरांच्या आऊटलाइन करून पीडीएफच द्या, आणि ती भाषा वाचणाऱ्यानं छापायच्या आधी पडद्यावर वाचावी. फ्लेक्स नको, ट्यूबलाइटची चमक येऊन अर्धं पोस्टर दिसत नाही. मॅट कागद किंवा कापड.

बाहेरच्या कमानीवर कन्नड वर आणि मोठं ठेवा, खाली मराठी आणि इंग्रजी. कर्नाटकातला पाट्यांबाबत ६० टक्के कन्नडचा नियम दुकानं-व्यवसाय-संस्थांसाठी असला तरी ऐन वेळी दारात वाद नको. आतल्या पोस्टरवर तिन्ही भाषा सुखानं नांदतात.

व्हायवा_बहाद्दर :

पोस्टरच नको असं माझं मत. पोस्टर असलं की पोरं पाठ फिरवून ते वाचून दाखवतात.

शहापूर_पेठ :

म्हणून पोस्टर बाजूला लावायचं, मागे नाही. पोरगं टेबलाच्या कडेला उभं, पोस्टर दुसऱ्या कडेला, मधे मॉडेल. टेबलामागे खुर्ची टाकून बसलेली बॅच म्हणजे तिकीट खिडकी.

ब्रेडबोर्ड_बाबूराव :

इलेक्ट्रॉनिक्सच्या बॅचांसाठी. लॅबमध्ये चालणारं मॉडेल हॉलमध्ये का बंद पडतं, त्याची कारणं ठरलेली आहेत.

ब्रेडबोर्डवरच्या (सोल्डर न करता वायरी खोचायची पाटी) जम्पर वायरी वाहतुकीत सैल होतात. पंधरा दिवस आधी सगळं झिरो पीसीबीवर (नुसत्या भोकांच्या कोऱ्या बोर्डावर) सोल्डर करा, बाहेर जाणाऱ्या वायरींना स्क्रू टर्मिनल लावा.

मोटर सुरू झाली की अर्डुइनो (मॉडेल चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) रिसेट होतो, कारण दोन्ही एकाच सप्लायवर आहेत आणि मोटरच्या झटक्यानं व्होल्टेज बसतं. मोटरला वेगळा सप्लाय द्या, ग्राउंड एकत्र, मोटरच्या सप्लायला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. डीसी मोटर किंवा रिलेची कॉइल ट्रान्झिस्टरनं चालवत असाल तर तिच्यावर उलटा १एन४००७ डायोड हवाच.

ब्लूटूथची मजा वेगळीच. दहा बॅचांकडे एचसी-०५ (ब्लूटूथची छोटी पट्टी) असतात, सगळ्यांचं नाव एचसी-०५ आणि पिन १२३४. एकाच्या मोबाइलवरून दुसऱ्याची गाडी धावते. एटी कमांडनं नाव आणि पिन आधीच बदला. वायफायवर अवलंबून असाल तर गर्दीत २.४ गिगाहर्ट्झचे चॅनेल तुंबतात, क्लाउडवर आकडा पोचायला मिनिट लागतं आणि पाहुणा निघून जातो. दाखवण्यापुरतं सगळं लोकल चालेल असं करा, क्लाउड हा जास्तीचा भाग.

लाइन फॉलोअर (आखलेल्या रेषेवरून चालणारी गाडी) खिडकीजवळच्या उन्हात भरकटतो, उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतो. सेन्सरला काळ्या कागदाची झालर लावा आणि टेबल आतल्या बाजूला घ्या. अल्ट्रासॉनिकचे (प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारे सेन्सर) दोन स्टॉल शेजारी ठेवू नका, दोघंही ४० किलोहर्ट्झवर, एकाचा प्रतिध्वनी दुसरा पकडतो.

आणि एवढं करूनही बंद पडणारच. तेव्हा काय करायचं याची तालीम घ्या, कारण पोराची खरी परीक्षा तिथंच असते. एकानं पाहुण्याशी बोलत राहायचं, दुसऱ्यानं दुरुस्ती करायची. "आत्ता सेन्सर वाचत नाही, दहा मिनिटांत सुरू करतो, तोवर आतला भाग दाखवतो" असं सरळ सांगायचं. "सर, आत्ताच चालत होतं" हे वाक्य हॉलमध्ये बंद. चाललेल्या मॉडेलचा एक मिनिटाचा व्हिडिओ मोबाइलमध्ये असावा, पण मॉडेल चालू असताना तो दाखवायचा नाही.

खानापूर_रोड :

तारीख कधीची धरावी? काही जण इंजिनिअर्स डे म्हणतात.

उद्यमबाग_३ नंबर :

१५ सप्टेंबर म्हणजे पाऊस, आणि गणपती बहुधा त्याच सुमारास. शिवाय तेव्हा प्रोजेक्ट कागदावरच असतं. व्हीटीयू विद्यापीठाच्या २०२२ च्या स्कीममध्ये (अभ्यासक्रमात) प्रोजेक्टचा दुसरा टप्पा सातव्या सेमिस्टरला, म्हणजे नोव्हेंबर बरा. १ नोव्हेंबर आणि त्याच्या आगेमागे नको, शहर कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकीत असतं. डिसेंबरात इथल्या सुवर्ण विधानसौधला विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की पोलीस परवानगी आणि बंदोबस्त दोन्ही मिळणं कठीण. मधल्या पंधरा-वीस दिवसांत उरका.

जागा म्हणून मंगल कार्यालय बघा. तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात, कार्यालयं रिकामी असतात. थ्री फेज असतो, जनरेटर असतो, पाण्याची आणि शौचालयाची सोय असते. कॉलेजच्या हॉलपेक्षा हे चांगलं, कारण कॉलेजच्या गेटवर वॉचमन बघून बाजारातला माणूस आत येत नाही.

काम पूर्ण झाल्यावरच दाखवायचं हा हट्ट सोडा. ८० टक्के झालेलं दाखवलं तर लोकांनी काढलेली खोट रिपोर्टच्या आधी सुधारता येते. बांधणी झालेल्या रिपोर्टमध्ये कोण काय बदलणार? स्टुडंट प्रोजेक्ट प्रोग्रामसाठी (पोरांच्या प्रोजेक्टांना मदत देणारी योजना) राज्य विज्ञान-तंत्रज्ञान परिषदेकडे जाणाऱ्या बॅचांना याचा थेट उपयोग होतो, तिथंही स्टॉलवर उभं राहूनच सांगावं लागतं.

दुसरी_पाळी :

मार्क द्यायचे की नाही? दिले नाहीत तर दुपारनंतर स्टॉल ओस, दिले तर पोरं परीक्षक कुठं आहे तेवढंच बघतात.

उद्यमबाग_३ नंबर :

द्यायचे, पण परीक्षक ओळखू यायला नको. दुसऱ्या विभागातला किंवा कारखान्यातला माणूस साध्या कपड्यात तीन वेगवेगळ्या वेळी पाच-पाच मिनिटं जवळ उभा राहतो आणि पोरगं दुसऱ्या पाहुण्याशी कसं बोलतंय ते ऐकतो. पाच गोष्टी, प्रत्येकी चार मार्क, एकूण वीस. समोरचा माणूस बघून सुरुवात बदलली का. प्रश्न पूर्ण ऐकून घेतला का, की मधेच तोडला. माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगितलं का. आकडा एककासकट सांगितला का. सोबत्याला बोलू दिलं का.

शेवटची गोष्ट महत्त्वाची. प्रत्येक बॅचमध्ये एक बडबड्या असतो, तो दोन दिवस एकटाच बोलतो आणि उरलेले तिघं वायरी धरून उभे. यावर पाळी हाच उपाय. ४५ मिनिटांची पाळी, दोघं स्टॉलवर, एक दुसऱ्यांचे स्टॉल बघायला, एक सुट्टीवर. बघायला गेलेल्यानं निदान दोन स्टॉलवर अनोळखी पाहुण्यासारखे प्रश्न विचारायचे. मुलींना रिबिनीचं ताट धरायला उभं करायचं नाही, हे लिहावं लागतं यातच काय ते आलं.

शहापूर_पेठ :

याच्या जोडीला प्रश्नांची वही हवी. शंभर पानी वही, तीन रकाने : प्रश्न काय, विचारणारा कोण, उत्तर काय दिलं. नावं आणि फोन नंबर नकोत, 'शेतकरी', 'आठवीची मुलगी', 'फाउंड्रीतले' एवढंच पुरे. प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहायचा, सुधारून नाही.

पहिल्या दिवशी रात्री वही घेऊन बसायचं आणि प्रश्न तीन ढिगांत टाकायचे. आमचं सांगणं कळलं नाही म्हणून आलेले, कळलं पण उत्तर आम्हाला येत नव्हतं असे, आणि ज्यातून आमचीच चूक निघाली असे. पहिल्या ढिगातल्या प्रश्नांवरून दुसऱ्या दिवशीचं पहिलं वाक्य बदलायचं. दुसऱ्या ढिगातली उत्तरं रात्रीत शोधायची. तिसरा ढीग रिपोर्टच्या 'मर्यादा' प्रकरणात जातो. त्या प्रकरणात एरवी गेल्या वर्षीच्या रिपोर्टमधून उतरवलेली चार वाक्यं असतात. एका दिवसाचं प्रदर्शन म्हणूनच अर्धवट : चूक कळते, सुधारायला दुसरी सकाळ मिळत नाही.

व्हायवा_बहाद्दर :

वही पटली. पण माणसं येणार कुठून ते कुणी सांगितलं नाही.

वायरमन_वडगाव :

पॅम्प्लेट वाटून येत नाहीत. ज्याचा विषय त्यालाच जाऊन सांगायचं. यंत्रमागाला धागा तुटल्याचा सेन्सर केलाय ना, मग वडगाव-खासबागच्या गल्लीत जाऊन विणकरांना बोलवा. ते येऊन पहिलं विचारतील, आमच्या मागाला आधीच धागा तुटला की थांबायची सोय हाय, तुमचं काय वेगळं? कास्टिंगचं प्रोजेक्ट असलं तर उद्यमबाग-मच्छेतल्या फाउंड्रीतल्या सुपरवायझरना शिफ्ट सुटायच्या वेळी. खानापूरकडं गव्यांचा त्रास, त्याला अलार्म केलाय तर तिकडची माणसं शनिवारी बाजाराला येतात का बघा. प्रत्येक बॅचनं स्वतःच्या विषयाची दहा माणसं आणायची, तीस बॅचांचे झाले तीनशे. बोलवायला जाणं हाही सरावच हाय की, तिथं ब्लेझर चालत नाही.

शाळांना वेळ ठरवून द्या, एका वेळी चाळीस मुलं. दोनशे एकदम आली तर पोरं फक्त "हात लावू नका" एवढंच ओरडायलेत असं दिसतं.

खानापूर_रोड :

बक्षीस?

ब्रेडबोर्ड_बाबूराव :

मॉडेलला एक पुरे. दुसरं 'सगळ्यात चांगली वही' याला द्या. रक्कम सारखी ठेवा.

दुसरी_पाळी :

मार्कांच्या तक्त्यात 'आकडा एककासकट' आहे. पाहुणा आठवीची मुलगी असेल तर तिला किलोवॅट-तास सांगायचं का?

उद्यमबाग_३ नंबर :

सांगायचं, पण तुलनेसकट. "हे दिवसभरात अर्धा युनिट खातं, म्हणजे तुझ्या घरचा ५० वॅटचा पंखा दहा तास." पंख्याच्या पाटीवरचा वॅट आधी बघून घ्या, नव्या बीएलडीसी पंख्याला निम्म्याच्या आसपास लागतात. एखादी मुलगी तेवढंच पकडते.